आमिषाला न भुलणारे आमिश

आमिश माणसाचं घर ओळखायचं कसं? एकदम सोप्पं. रस्त्यावरच्या विजेच्या खांबाकडे बघायचं आणि तिथून निघालेली वायर कुठे शिरते ते शोधायचं. अलीकडच्या घरात गेली, पलीकडच्या घरात गेली, पण मधल्या पांढऱ्याशुभ्र दुमजली घराला तिने साधं विचारलंही नाही? मग ते घर आमिश! खिडक्यांना गडद हिरवे पडदे, दारात कार नाही, अंगणात करड्या रंगाची घोडागाडी आणि पोर्चपासून थेट गोठ्याच्या शेंड्यापर्यंत तिरकी चढत गेलेली कपड्यांची दोरी. त्यातून सोमवार असेल तर बघायलाच नको. सोमवार हा इथला धुण्याचा वार. जांभळे, निळे, हिरवे फ्रॉक आणि काळ्या पँट्सची रांग, बाबांपासून बाळापर्यंत साइझप्रमाणे लावलेली, वाऱ्यावर फडफडत असते.

आणि हे सगळं कुठे, तर अमेरिकेत! न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरपासून गाडीने तीनेक तासांवर, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टर काउंटीमध्ये.

माझी मावसबहीण न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते. तिच्याकडे गेलेल्या प्रत्येक पाहुण्याचा एक ठरलेला कोर्स असतो. स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, नायगारा, आउटलेट मॉल आणि मग 'ओक ट्री रोड'वरची पाणीपुरी. मी नायगारा वगळून लँकेस्टर मागितलं. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. मक्याची कापणी सुरू झालेली, तंबाखूची पानं शेडमध्ये उलटी टांगलेली आणि हवेत घोड्याच्या लिदीचा वास. बहिणीने नाकाला रुमाल लावला. मला मात्र सातारा जिल्ह्यातल्या मामाचं घर आठवलं.

इथल्या गावांची नावंही भन्नाट आहेत. बर्ड-इन-हँड, पॅरडाइज आणि चक्क इंटरकोर्स. (हसून घ्या एकदा. गावाला हे नाव १८१४ पासून आहे आणि पाटीपाशी उभं राहून फोटो काढणाऱ्यांची त्यांना सवय झालेली आहे.)

आपण सगळे 'इंग्लिश'

मुळात हे लोक कोण? तर सोळाव्या शतकात युरोपात ख्रिस्ती धर्मात ज्या उलथापालथी झाल्या, त्यातून निघालेली ही शाखा. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा नाही, माणूस मोठा झाल्यावर त्याने स्वतः विचार करून घ्यायचा, असं या पंथाचं म्हणणं. तेवढ्यासाठी स्वित्झर्लंड आणि आसपासच्या भागात त्यांचा अतोनात छळ झाला. १६९३ मध्ये याकोब आमान नावाचा एक नेता अधिक कडक शिस्तीचा आग्रह धरून वेगळा झाला. त्याचे अनुयायी ते आमिश. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात येऊन राहिले, कारण विल्यम पेनच्या या वसाहतीत कुणी कुठला धर्म पाळायचा यावर जबरदस्ती नव्हती. जमीन चुनखडीची, सुपीक. पाऊस भरपूर. शेतकऱ्याला आणखी काय हवं?

घरात ते पेनसिल्व्हेनिया डच बोलतात. 'डच' म्हटलं तरी ती हॉलंडची भाषा नाही, जर्मन बोली आहे. प्रार्थना जुन्या जर्मनमध्ये, शाळा इंग्रजीत. आणि जो आमिश नाही तो 'इंग्लिश', मग तो चिनी असो, मेक्सिकन असो की सदाशिव पेठेतला. म्हणजे दीडशे वर्षं राज्य करून इंग्रजांना जे जमलं नाही, ते या मंडळींनी दोन मिनिटांत केलं. मला इंग्लिश करून टाकलं!

हिंजवडीचा स्पीड

पर्यटकांना घोडागाडीतून चक्कर मारून आणणारे बरेच जण इथे आहेत. आमच्या वाट्याला आले सत्तरीचे एक आजोबा. गवती हॅट, गॅलिस लावलेली काळी पँट, छातीपर्यंत पांढरी दाढी आणि मिशी मात्र सफाचट. लग्न झालं की पुरुष दाढी राखतो. मिशी मात्र नाही, कारण जुन्या युरोपात झुबकेदार मिशी ही सैनिकांची शान समजली जायची आणि आमिश युद्धाच्या वाटेला जात नाहीत. बायकांच्या डोक्यावर पांढरी पातळ टोपी. ड्रेसला बटणांऐवजी टाचण्या.

गाडी ओढणारा घोडा दिमाखदार होता. चौकशी केली तर कळलं, हा रेसकोर्सवरून रिटायर झालेला आहे. इथले बरेचसे घोडे तसेच येतात. शर्यतीत कामाचे राहिले नाहीत की आमिश त्यांना विकत घेतात आणि पुढे कितीतरी वर्षं ते बाजारहाट करत फिरतात. स्पीड तासाला बारा-पंधरा किलोमीटर. हिंजवडीच्या पीक अवरला आपण साधारण तेवढ्यानेच जातो, फक्त एसी लावून. गाडीच्या पाठीवर नारिंगी त्रिकोण, शिवाय दिवे आणि इंडिकेटर. ते चालतात बॅटरीवर.

इथे कुणीही थबकेल. वीज चालत नाही, मग बॅटरी कशी चालते?

हीच खरी गंमत आहे. आमिश म्हणजे जुन्या काळात गोठलेली माणसं, असं आपण समजून जातो. हॅरिसन फोर्डचा १९८५ चा 'विटनेस' बघितलेल्यांच्या डोक्यात तर तेच चित्र असतं. प्रत्यक्षात ही माणसं प्रत्येक नवी वस्तू उलटसुलट करून बघतात आणि मग ठरवतात. प्रश्न एकच. ही वस्तू घरात आली तर आपलं घर आणि आपली वस्ती एकत्र राहील की विखुरली जाईल? विजेची तार घरात आली की तिच्यामागून सगळं जग येतं, म्हणून लँकेस्टरच्या आमिश लोकांनी साधारण शंभर वर्षांपूर्वी तारेला नाही म्हटलं. बॅटरी मात्र आपली आपण आणायची, संपली की संपली. तिच्यात जग मावत नाही. आता तर कितीतरी गोठ्यांच्या छपरावर सोलर पॅनेल्स दिसतात.

गोठ्यातलं इंजिन

आजोबांनी आपल्या मुलाचा गोठा लांबून दाखवला. चाळीसेक गाई. दूध काढायला मशिन आहे. शेडमधल्या डिझेल इंजिनवर ते चालतं. दूध थंड ठेवायची स्टीलची टाकी आहे, कारण दूध नेणाऱ्या कंपन्यांचा तसा नियमच आहे. ते दूध ढवळायला बॅटरी. आत स्वयंपाकघरात गॅसवरचा फ्रिज. वर्कशॉपमधल्या करवती दाबाच्या हवेवर चालतात. या हवेला लोक गमतीने 'आमिश इलेक्ट्रिसिटी' म्हणतात. मात्र रविवारी दुधाचा टँकर येत नाही. कितीही डॉलर बुडाले तरी रविवार तो रविवार.

शेतात मात्र खेचरं. चार-चार, सहा-सहा खेचरांची रांग मका कापायच्या यंत्राला जुंपलेली आणि यंत्रावर छोटं इंजिन धडधडतंय, हे दृश्य बघून आपली मती गुंग होते. इंजिन चालतं तर ट्रॅक्टर का नाही? ट्रॅक्टर आहेही. गोठ्यापाशी, यंत्रं फिरवायला. शेतात उतरवायचा नाही, एवढंच. शेतात ट्रॅक्टर उतरला की एक माणूस चार जणांची शेतं नांगरतो. मग त्याला आणखी जमीन लागते, शेजाऱ्याची जमीन तो घेतो, शेजारी उठून शहरात जातो. त्यापेक्षा खेचर बरं. खेचराला जेवढी झेपते तेवढीच शेती.

फोनचंही तसंच. घरात फोन नाही, शेताच्या कडेला लाकडी खोपटात आहे, दोन-तीन घरांत मिळून एक. आपल्याकडचे पिवळे एसटीडी-पीसीओ आठवतात? तसंच काहीसं. काम असेल तर चालत जायचं, बोलायचं, निरोप ऐकायचा आणि परत यायचं. जेवणाच्या टेबलावर फोन वाजत नाही. हे ऐकताना माझ्या पर्समधला फोन तीन वेळा थरथरला. एडिटर, बँक आणि पुन्हा एडिटर.

अर्थात, सगळेच तितके कडक आहेत असं नाही. सुतारकाम किंवा बांधकामाच्या धंद्यातल्या कित्येकांच्या खिशात मोबाइल असतो. त्यावरून मंडळ्यांमध्ये वाद होतात, समजावणी होते. नियम कुठे छापलेले नसतात. 'ऑर्डनुंग' म्हणतात त्यांना. वीस-चाळीस घरांची एक मंडळी आणि प्रत्येक मंडळीचा आपला आपला हिशेब. यांना चर्चची इमारतही नाही. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना, तीन तासांची. बाकं भरलेली एक गाडीच घरोघर फिरते. पुरोहित चिठ्ठीने निवडतात. मंडळीने सुचवलेल्या प्रत्येकासमोर प्रार्थनेचं पुस्तक ठेवतात, त्यातल्या एकात चिठ्ठी. ज्याच्या पुस्तकात ती निघेल त्याने जन्मभर हे काम करायचं, बिनपगारी. प्रमोशनसाठी लॉबिंग करायची सोयच नाही, बोला!

इर्जिक आठवतंय?

आजोबांनी मला विचारलं, तुमच्याकडे घोडे की खेचरं? म्हटलं, बैल. त्यांचे डोळे चमकले. जोडी केवढ्याला पडते, किती वर्षं काम करते, खातात काय? जमेल तेवढं सांगितलं. मग त्यांना इर्जिक सांगितली. माझे आजोबा सांगायचे, एखाद्याची नांगरट मागे पडली की गावातले दहा-बारा जण आपापले बैल-नांगर घेऊन त्याच्या शेतात उतरायचे. दिवसभरात रान मोकळं. पैसे द्यायचे नाहीत, संध्याकाळी जेवण घालायचं.

"म्हणजे आमच्यासारखंच," ते म्हणाले. आमिश माणसाचा गोठा जळाला की काही दिवसांत शेकडो माणसं गोळा होतात. पहाटे सांगाडा उभा करायला घेतात आणि संध्याकाळी छप्पर चढलेलं असतं. बायका स्वयंपाक करतात, पोरं पाणी पोचवतात. विमा कंपनीचा संबंध नाही, कारण ते विमा काढत नाहीत. हॉस्पिटलचं लाखो डॉलरचं बिलही असंच वाटून घेतात. १९६५ मध्ये अमेरिकी सरकारने स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या आमिशांना सोशल सिक्युरिटीच्या करातून सूट दिली. कारण साधं होतं. म्हाताऱ्यांना पेन्शन घ्यायचीच नाही. मुख्य घराला जोडूनच आजी-आजोबांचं छोटं घर बांधलेलं असतं, 'डाडी हाउस'. शेती मुलाच्या हाती दिली की आजोबांनी तिकडे मुक्काम हलवायचा. सोबत आहे आणि सासू-सुनेची स्वयंपाकघरं वेगळी. आपल्या टूबीएचकेवाल्यांनी नोंद घ्यावी!

मग त्यांनी विचारलं, आता तुमच्या मामाकडे किती बैल आहेत?

एकही नाही. मामाने शेवटची जोडी विकून बरीच वर्षं झाली. ट्रॅक्टर तासावर भाड्याने येतो.

"मग शेजारी एकमेकांच्या शेतात कधी येतात?"

गाडी खडखडत पुढे गेली. उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आठवी पास

आता हे सगळं फार गोड वाटायला लागलं असेल तर थोडं थांबा. इथली मुलं आठवीपर्यंत शिकतात. एका खोलीची शाळा, पहिली ते आठवी सगळे एकत्र आणि शिकवणारी बहुधा जेमतेम विशीतली मुलगी, तीही आठवीच शिकलेली. पुढची सक्ती नको म्हणून हे लोक थेट सुप्रीम कोर्टात पोचले होते. १९७२ च्या 'विस्कॉन्सिन विरुद्ध योडर' खटल्यात कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे त्या शाळेतल्या एखाद्या मुलीला डॉक्टर व्हावंसं वाटलं, तर? पुरोहित फक्त पुरुष. बहुतेक लग्न झालेल्या बायकांचं आयुष्य घर, मळा आणि सात-आठ मुलं.

सोळाव्या वर्षी मुलांना थोडी मोकळीक मिळते. 'रमस्प्रिंगा' म्हणतात त्या काळाला. कुणी जीन्स घालतं, कुणी कार घेतं, बरेचसे नुसतेच रविवारी संध्याकाळी एकत्र जमून गाणी म्हणतात. त्यानंतर बाप्तिस्मा घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. दहातली आठ-नऊ मुलं घेतात. नाही घेतला तर घरी येणंजाणं राहतं. पण एकदा घेऊन मग सोडला, तर मंडळी पाठ फिरवते. आई जेवायला वाढते, पण वेगळ्या टेबलावर. निवड आहे, पण आठवी शिकलेल्या वीस वर्षांच्या मुलाने बाहेर पडून करायचं काय, हा प्रश्न त्या निवडीला चिकटलेलाच असतो.

शिवाय मूळची कुटुंबं मोजकी आणि लग्नं आपापसात, त्यामुळे काही आनुवंशिक आजार इथे जास्त दिसतात. त्यासाठी १९८९ मध्ये स्ट्रासबर्गजवळ 'क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन' सुरू झालं. जनुकांचं संशोधन तिथे होतं आणि त्याच्या खर्चाला हातभार लावतात आमिश लोकांनी हाताने शिवलेल्या गोधड्यांचे लिलाव. 'आमिश विज्ञानाच्या विरोधात' असं वाक्य टाकून मोकळं होता येत नाही ते असं.

निकेल माइन्सचं कुरण

तिसऱ्या दिवशी आम्ही निकेल माइन्सच्या रस्त्याने गेलो. २ ऑक्टोबर २००६ ला इथल्या एका खोलीच्या शाळेत एक माणूस बंदूक घेऊन शिरला. आमिश नव्हता, पण याच भागात दुधाचा टँकर चालवायचा. मुलांना आणि मोठ्यांना त्याने बाहेर काढलं आणि ६ ते १३ वर्षांच्या १० मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच गेल्या. त्याने स्वतःलाही संपवलं.

जगभरातले कॅमेरे त्या दिवशी इथे आले. पण त्यांना बातमी मिळाली ती निराळीच. काही तासांतच आमिश शेजारी त्या माणसाच्या बायकोच्या आणि आईवडिलांच्या घरी गेले होते. 'आमचा तुमच्यावर राग नाही' हे सांगायला. त्याच्या अंत्यविधीला जमलेल्यांत निम्म्याहून जास्त आमिश होते. मदत म्हणून आलेल्या पैशातून त्याच्या बायको-मुलांनाही वाटा गेला. दहा दिवसांनी शाळा पाडून टाकली. थोड्या अंतरावर नवी बांधली, नाव 'न्यू होप'.

जुन्या जागी आज नुसतं गवत आहे. पाटी नाही, पुतळा नाही. बहिणीने गाडीचा वेग कमी केला, थांबवली नाही. थांबून काय करणार? तिला दोन मुली आहेत. ती म्हणाली, "मला नसतं जमलं." मलाही नसतं. आणि खरं तर त्या आयांनाही ते एका दिवसात जमलेलं नाही. माफ केलं म्हणजे दुःख संपलं असं ते कधीच म्हणाले नाहीत. राग उद्या पुन्हा येतो, उद्या पुन्हा माफ करायचं. खेचरं रोज जुंपावी लागतात, तसंच.

जमीन किती जणांत वाटणार?

आमिश संपत चालले असतील असं वाटत असेल तर उलटं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेमतेम पाच-सहा हजार असलेला हा समाज आता चार लाखांच्या वर गेलाय. साधारण वीस वर्षांत दुप्पट होतो. जमीन मात्र तेवढीच. त्यात फिलाडेल्फिया जवळ, म्हणजे बिल्डर, बंगले, मॉल आणि एकराचे भाव गगनाला. (ओळखीचं वाटतंय?)

आजोबांची ६० एकर एका मुलाला गेली. दोघे फर्निचर बनवतात. एक स्वस्त जमिनीच्या शोधात बायको-मुलं घेऊन केंटकीला गेला. लँकेस्टरमधले निम्म्याहून जास्त आमिश पुरुष आज शेतकरी नाहीत. शेड, फर्निचर, बांधकाम यात पैसा चांगला आहे. पण बाप सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो आणि संध्याकाळी परत येतो. आपल्याला यात काहीच वावगं वाटणार नाही. त्यांना याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. टीव्ही नको म्हणणं सोपं गेलं, पण जमीनच पुरेना त्याला काय करणार?

आमिश व्हा असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी स्वतः दोन दिवसांत हेअर ड्रायर शोधायला लागले होते. पण त्यांचा तो प्रश्न मात्र मी बॅगेत घालून आणलाय. पुढचं गॅजेट घेताना किती मेगापिक्सेल हे विचाराच, पण त्याआधी एकदा विचारून बघा, हे घरात आलं की घरातलं कोण कुणापासून लांब जाईल?

जायचंच असेल तर…

कसं जाल : फिलाडेल्फियाहून अ‍ॅमट्रॅकची ट्रेन लँकेस्टरला साधारण सव्वा तासात पोचते. पुढे गावांत फिरायला गाडी हवीच. रूट ३४० धरा. घोडागाडीमागे हॉर्न वाजवू नका, घोडा बिथरतो.

कधी जाल : मे ते ऑक्टोबर. मार्चच्या सुमारास गावोगावी 'मड सेल' भरतात. चिखलात उभं राहून घोडे, गोधड्या, घोडागाड्या यांचा लिलाव. पैसे गावच्या अग्निशमन दलाला. रविवारी आमिश दुकानं कडकडीत बंद. शरदात मळ्यात कोथिंबिरीच्या मोठ्या बहिणीसारखी दिसणारी सेलरी भरपूर लावलेली दिसली तर समजा, त्या घरी लग्न आहे. लग्नाच्या जेवणात सेलरी लागतेच.

काय खाल : शूफ्लाय पाय, चव थेट काकवीची. मिसळीच्या लोणच्यासारखं चाऊ-चाऊ. रस्त्याकडेच्या स्टॉलवर घरगुती रूट बिअर. (दारू नाही हो!) बऱ्याच स्टॉलवर विक्रेताच नसतो. पैसे डब्यात टाकायचे. शाकाहारी असाल तर लोणी घातलेल्या नूडल्स आणि ताजा ब्रेड जिंदाबाद. लँकेस्टर शहरातलं सेंट्रल मार्केट मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारी.

फोटो : शेत, घोडे, दोरीवरचे कपडे खुशाल टिपा. माणसांचे चेहरे नकोत. चेहऱ्याचा फोटो म्हणजे स्वतःचं कौतुक, असं ते मानतात. कॅमेरा खाली ठेवून हात हलवा. गाडीतली पोरं मागे वळून हमखास हात हलवतात.